कॉलेजात काही जण रमतात, पासही होतात. माझंच मन का लागत नाही?

बारावीला 78 टक्के, आता बी.एस्सी.च्या पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले. रोज एसटीनं 35 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. वर्गात ओळखीचं कुणी नाही, आणि त्याच वर्गातल्या काही पोरी मात्र मजेत आहेत, वर नंबरही काढतात. हा फरक हुशारीचा, कॉलेजचा की नशिबाचा, असं तू विचारलंयस. एकेरीत बोलतोय, राग मानू नकोस. तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. वीस वर्षं तुझ्या वयाची लेकरं समोर बसतात, त्याची ही सवय.

मी आधी तुलाच विचारतो: तुझी शेवटची गाडी कितीची?

हसू नकोस. आमच्याकडं दुपारच्या बॅचचं प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं आणि दोन-तीन गावांची गाडी पावणेचारला लागते. त्या गावांची पोरं तीनपासून घड्याळ बघत असतात. टायट्रेशनमध्ये, म्हणजे रंग बदलेपर्यंत नळीतून द्रावण सोडायच्या प्रयोगात, शेवटी थेंब थेंब सोडायचं असतं, तिथं ही पोरं ब्युरेटचा कॉक सरळ उघडतात, रंग उडतो, आणि मग शेजाऱ्याचं रीडिंग जर्नलात उतरतं. यात हुशारीचा काही संबंध नाही. यातल्या कित्येकांना बारावीला तुझ्याइतकेच मार्क असतात. पण कॉलेजातलं जे काही खरं घडतं, म्हणजे ग्रंथालयात बसणं, मैदान, युवक महोत्सवाची तालीम, सरांना दारात गाठून शंका विचारणं, ते सगळं चारनंतर. त्या वेळी हे गाडीत. त्यांच्यासाठी कॉलेज म्हणजे उतरायचा आणि चढायचा एक थांबा.

अमेरिकेत अलेक्झांडर ॲस्टिन नावाच्या अभ्यासकानं 1984 साली जवळपास हेच मांडलं. विद्यार्थी आपली किती शक्ती आणि किती वेळ कॉलेजात घालतो, त्या मानानं त्याच्या पदरात पडतं, असं त्याचं म्हणणं. हॉस्टेलवर राहणारी पोरं टिकतात. कॉलेजातच थोडा वेळ काम करून चार पैसे मिळवणारीही टिकतात. बाहेर पूर्ण वेळ नोकरी करणारी मात्र गळतात. आणि कॉलेजबद्दलचं समाधान सगळ्यात जास्त कशाशी जोडलेलं निघालं, तर शिक्षकांशी वरचेवर होणाऱ्या बोलण्याशी. इमारत, मैदान, गॅदरिंग हे सगळं त्याच्या मागं.

हे मी वाचलं ते नोकरीला लागल्यावर. पण मला ते आधीच माहीत होतं, आमच्या लॅबच्या शिपाईमामांमुळं.

मी नांदेडला शिकलो. तिथलं विद्यापीठ 1994 साली, 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालेलं. आमच्या वेळी ते अजून नवंच होतं. भाग्यनगरकडं कॉट बेसिसवर रूम, एका खोलीत पाच जण. आई सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली डबा करायची, मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. गाडी चुकली की मग त्या दिवशी वडापाव. पहिल्या वर्षी गणित गेलं. घरी परत जायचं, बापासोबत शेती करायची, हे जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात ‘कमवा आणि शिका’मध्ये नाव लागलं आणि मला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला, लेबलं चिकटवायला बसवलं. पैसे फार नव्हते. पण लॅबचे मामा होते, सातवी शिकलेले. मी दोन दिवस गावाकडं थांबून आलो की दारातच विचारायचे, “कामून आला नाहीस रे परवा? कंडेन्सर कोण धुवायचा?”

माझ्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे मला त्या शहरात पहिल्यांदाच कळत होतं. कंडेन्सर धुताना मी सरांचं बोलणं ऐकायचो, एम.एस्सी.च्या पोरांची भांडणं ऐकायचो, आणि कधीतरी मीही तोंड उघडायला लागलो. गणित ऑक्टोबरला निघालं. ते मामांनी काढून दिलं नाही, पण ते नसते तर मी फॉर्मच भरला नसता.

आपल्याकडं ही समज नवी नाही. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेव्हा खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहाचाही विचार केला. शिकवायला चार खोल्या बांधून भागत नाही, पोरगं रात्री कुठं झोपतं आणि काय खातं यावर त्याची डिग्री ठरते, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनीही वसतिगृहापासूनच सुरुवात केली.

आता तू म्हणशील, मी रोज जाऊन-येऊन करते, मला हे काय कामाचं? बरोबर आहे. व्हिन्सेंट टिंटो नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाचं काम इथं कामाला येतं. कॉलेज सोडून जाणाऱ्यांवर तो 1975 पासून लिहीत होता. 1997 साली त्याचा सिएटलच्या एका कम्युनिटी कॉलेजवरचा अभ्यास आला. तिथली पोरंही घरून येणारी, बरीचशी नोकरी करणारी. त्यांना गटानं एकत्र विषय शिकवले, तेव्हा वर्गातच सोबत जमली, ती सोबत वर्गाबाहेर अभ्यासालाही पुरली, आणि ही पोरं पुढच्या सत्रांना जास्त टिकली. ज्याला संध्याकाळ मिळत नाही त्याचं सगळं कॉलेज वर्गातच असतं. तुझ्यासाठी म्हणजे प्रॅक्टिकलची बॅच आणि तुझी गाडी. एक तास जायला, एक तास यायला. त्याच गाडीत तुझ्या कॉलेजची निदान दोघी-तिघी असतीलच.

एक गोष्ट मात्र घोळू नकोस. रमणं वेगळं आणि पास होणं वेगळं. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर असे बहाद्दर आहेत की कॉलेजवर त्यांचं निरतिशय प्रेम आहे. तीन वर्षांचं पाच वर्षं झालं तरी निघायचं नाव नाही. आणि अशीही पोरं आहेत की बी.ए.ला नाव घालून पोलीस भरतीच्या ॲकॅडमीत असतात, फक्त परीक्षेला उगवतात आणि पास होऊन जातात. त्यांना वर्गातली बाकं कोणत्या रंगाची हेही सांगता येणार नाही. त्या मजेत दिसणाऱ्या पोरींपैकी कोण कशात आहे, ते लांबून कळत नाही.

दुसरं म्हणजे तुझी अकरावी-बारावी. नाव एका कॉलेजात आणि शिकवणी दुसऱ्या गावातल्या क्लासला, असं ‘टाय-अप’ होतं का? आपल्याकडं बऱ्याच पोरांचं तसंच असतं. त्यांनी दोन वर्षं एमसीक्यू सोडवलेले असतात, पण प्रॅक्टिकलला हात लावलेला नसतो, आणि सलग दोन पानं उत्तर लिहिलेलं नसतं. डिग्रीला नेमकं तेच मागतात, तेही इंग्रजीत. म्हणून 78 टक्क्यांचं दोन विषयांवर आलं तर तुझी अक्कल कमी झाली असं समजू नकोस.

कॉलेजचाही दोष आहे, तो झाकत नाही. बऱ्याच जागा तासिका तत्त्वावर. त्या शिक्षकाला घेतलेल्या तासाचेच पैसे, म्हणून तास संपला की तो गाडीला किक मारून दुसऱ्या कॉलेजला पळतो. माणूस वाईट नसतो, पण तू शंका विचारायला जाईपर्यंत तो गेटच्या बाहेर असतो. आणि प्रत्येक पोराला एक मेंटॉर शिक्षक नेमलेला असतो म्हणे. मी काम करतो तिथं नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी, समिती यायच्या आधी एका दुपारी सगळ्या मेंटॉर-रजिस्टरवर सह्या झाल्या. त्यातली एक सही माझी होती.

मुलींचं तर आणखी निराळं. एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर म्हटलं की घरून नकार. मी कार्यक्रम अधिकारी होतो तेव्हा आमच्या एका मॅडम घरोघर जाऊन आयांशी बोलायच्या, झोपायची सोय कुठं आणि संडास कुठं ते सांगायच्या. वडिलांशी बोलून उपयोग नाही, असं त्यांचं ठाम मत. त्या गेल्या त्या घरांतल्या बऱ्याच मुली आल्या. वर्षाचे 120 तास, दोन वर्षांचे 240, असं कागदावरचं एनएसएस. पण त्या सात रात्रींत ज्यांची गट्टी जमते त्या पुढं एकमेकींच्या नोट्सवर निघतात. तुला शिबिराला जाता आलं तर जा. नसेल जमत, तर बॅच बदलून मिळते का ते आधी बघ. विभागप्रमुखांना एसटीचं वेळापत्रक दाखवून अर्ज दे. आम्ही असे अर्ज मंजूर करतो. अडचण एवढीच की कुणी करत नाही.

आणि त्या दोन विषयांचं. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव. मार्क वाढतील म्हणून नव्हे. ती हातात घेऊन त्या विषयाच्या सरांकडं किंवा मॅडमकडं जा आणि “माझं कुठं चुकलं” एवढंच विचार. रिकाम्या हातानं शिक्षकाशी काय बोलायचं हे पहिल्या वर्षाच्या पोरीला सुचत नाही, मलाही सुचत नव्हतं. कागद असला की बोलणं आपोआप निघतं. एखादे सर टाळतील, तर दुसऱ्यांकडं जा. अर्जाची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि नोटीस बऱ्याचदा ऑफिसच्या खिडकीशेजारी एका कोपऱ्यात लावलेली असते. उद्या गाडीतून उतरलीस की आधी ती बघ.