सांस्कृतिक बुद्धिमत्तेचे गुण आणि वार्ताहराचे काम

कार्यालयाने भरून घेतलेल्या ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ (म्हणजे परक्या संस्कृतीच्या माणसांत नीट वागण्याची व काम करण्याची क्षमता) प्रश्नावलीत उत्तम गुण मिळूनही मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यांकडच्या आपल्या बातम्यांवर संपादक नाराज का असतात, आणि या गुणांचा कामगिरीशी खरोखर संबंध आहे काय, असे आपण विचारले आहे.

संबंध आहे, परंतु सगळ्या गुणांचा सारखा नाही. क्रिस्टोफर अर्ली आणि सून आंग यांनी २००३ मध्ये ही संकल्पना पुस्तकरूपाने मांडली. पुढे आंग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजपट्टीत २० विधाने आहेत : ४ स्वतःच्या समजुती तपासण्याविषयी, ६ माहितीविषयी, ५ परक्यांत मिसळण्याच्या इच्छेविषयी आणि ५ वागण्याबोलण्याविषयी. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात कामाच्या दर्जाशी संबंध दिसला तो पहिल्या आणि चौथ्या घटकाचा. नुसत्या माहितीचा तसा दिसला नाही. तो अभ्यास पत्रकारांवर नव्हता, तरी आपल्या व्यवसायाला तो लागू पडतो असे माझे मत आहे. शिवाय या प्रश्नावलीत प्रत्येक जण स्वतःच स्वतःला गुण देतो, हेही विसरू नये.

आपल्यासारख्या इंदूरच्या मराठी माणसाची फसगत येथेच होते. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी माळवी ऐकत वाढल्यामुळे आसपासचा सगळा मुलूख आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटते. (भाषेची अडचण म्हणावी, तर मराठी घरातले राहुल बारपुते ‘नई दुनिया’ या इंदूरच्या हिंदी दैनिकाचे नामवंत संपादक होतेच.) भगोरियाचे उदाहरण घ्या. होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणाऱ्या या हाटांना वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे ‘पळून जाऊन लग्न करण्याचा उत्सव’ ठरवले आणि त्यावर आदिवासी समाजातून वारंवार आक्षेप घेतला गेला. प्रत्यक्षात तेथे होळीची खरेदी असते, ढोल-मांदळ असतो, आणि गुजरातेत मजुरीला गेलेली माणसे गावी परतून नातलगांना भेटतात. पहिला घटक पक्का असलेला वार्ताहर निघण्यापूर्वीच स्वतःला विचारतो की, ही कल्पना मला हाटातल्या माणसाने सांगितली की जुन्या कात्रणाने? चौथा घटक हाटात पोहोचल्यावर दिसतो : मुलींचे छायाचित्र न विचारता न काढणे, वही लगेच बाहेर न काढणे, भिली बोलणारा दुभाषी पोलीस ठाण्यातून किंवा सरपंचाच्या घरातून न घेणे. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते; मग अधिकाऱ्याच्या माणसासमोर मजूर मुकादमाविषयी किंवा थकलेल्या मजुरीविषयी बोलत नाही, आणि बातमी सपाट होते.

बातम्यांची संख्या मोजणाऱ्या कार्यालयाला हा फरक लवकर कळत नाही. म्हणून आपल्या मागच्या काही बातम्या घेऊन संपादकांना भेटा आणि त्यांची नाराजी तपशिलाच्या चुकांवर आहे की प्रत्येक बातमीत तेच तहसीलदार, तेच ठाणेदार बोलतात यावर आहे, हे स्पष्ट विचारून घ्या. कारण पहिले असेल तर अभ्यास वाढवावा लागेल. दुसरे असेल तर दुभाष्यापासून सुरुवात करा.