बेब्लेड भोवरा फिरवून सोडणारा लाँचर घसरतो, दातेरी पट्टी ओढली की नुसता कर्रर्र आवाज येतो. दुरुस्त होईल की नवाच घ्यावा?

होईल, पण आधी नक्की काय झिजलंय ते बघा. बहुतेक वेळा लाँचर बिचारा धड असतो, पट्टी गेलेली असते. ती उजेडासमोर तिरकी धरा. मुठीजवळचे दात बोथट दिसतील. पट्टी पूर्ण आत असताना लाँचरमधल्या दातेरी चक्राला तेच दात लागलेले असतात, त्यामुळे ओढतानाचा पहिला हिसका त्यांनाच बसतो. दात कोरून काढायच्या भानगडीत पडू नका, पट्टी बदला. फक्त दातांमधलं अंतर जुळायला हवं.

पट्टी ठीक असेल तर स्क्रू काढून लाँचर उघडा. काही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आतली प्लास्टिकची भुकटी जुन्या टूथब्रशने झाडा. चक्राचे दात शाबूत असूनही घसरत असेल, तर पट्टीची वाट रुंद झालेली असते आणि पट्टी चक्रापासून लांब सरकते. यावरचा माझा आवडता उपाय फुकटातला आहे: जुन्या प्लास्टिक कार्डाची चिंचोळी चीप कापायची आणि चक्राच्या समोरच्या भिंतीला फेविक्विकने चिकटवायची. पट्टी अडकायला लागली तर चीप पॉलिश पेपरवर घासून पातळ करा. पुष्कळ ‘मेलेले’ लाँचर एवढ्यावर उठतात.

चक्राचेच दात गेले असतील तर मात्र चिकटवाचिकटवी सोडा. हात लावला की किंचित तेलकट, निसरडं लागत असेल तर ते बहुधा अ‍ॅसिटल नावाचं प्लास्टिक असतं, त्यावर फेविक्विक धरत नाही. दुसऱ्या मोडक्या लाँचरचं चक्र बसलं तर उत्तम.

भोवरा हवेतच निसटत असेल तर तो पकडणारे आकडे झिजलेत. ते घासून खरखरीत करा, फेविक्विकचा थेंब, वर चिमूटभर खायचा सोडा. क्षणात दगड होतो. गरम होतं आणि वाफ डोळ्यांना झोंबते, तेव्हा खिडकीशी बसा आणि पोरांना लांब ठेवा. मग भोवरा लावून बघत बघत कानशीने आकार द्या. चक्राला ग्रीस लावायचं तर सिलिकॉनचं, तेही नखभर.

दोरीवाला लाँचर असेल तर सांभाळून. आपल्या भोवऱ्याची जाळी तुटली तर दुसरी गुंडाळली की झालं, इथे आत धातूच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. झाकण उचलताना ती बोटाने दाबून धरा, नाहीतर उसळून बाहेर येते आणि परत बसवताना रविवार जातो.