१०० एमबीपीएसचा प्लॅन असून आतल्या खोलीत १० मिळतात. ३०० चा घ्यावा का?

नाही. निदान आज तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत खाली गाळ्यात भावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, वर तुमचं घर, दोन्हीकडे एकच कनेक्शन, आणि केबलवाला म्हणतोय ३०० चा घ्या, सगळं सुटेल. प्लॅन सांगितलात, महिन्याचं बिल सांगितलंत, आतल्या खोलीतला आकडा सांगितलात. राउटर कुठे ठेवलाय आणि खाली दुकानात नेट कशातून जातं, याबद्दल एक शब्द नाही. सगळे असंच विचारतात. आमच्या घरात सहा वर्षं असंच विचारलं गेलं आणि सहा वर्षं उत्तरही एकच आलं: "वहिनी, प्लॅन वाढवू."

म्हणून लिहायला बसले. एरवी मी इथे फक्त करावरच्या प्रश्नांना उत्तरं देते.

मी कोपरखैरण्यात राहते. सिडकोचं मूळ बैठं घर, त्यावर चढवत चढवत तळ अधिक दोन. खाली माझं ऑफिस, जीएसटी आणि आयकर, कामाला दोन मुली. मधल्या मजल्यावर सासूबाई आणि आम्ही. वर धाकटे दीर आणि जाऊबाई. फायबर खांबावरून गच्चीत येते, त्यामुळे डबा (फायबरमधला प्रकाश नेटच्या केबलला चालेल असा करून देणारा) आणि राउटर दोन्ही दिरांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. तिथून एक केबल भिंतीतून खाली माझ्या ऑफिसात. हे सगळं २०१६ मध्ये घर वाढवताना केलेलं, आणि ते करणारा इलेक्ट्रिशियन भाऊजींनी आणलेला. हे वाक्य लक्षात ठेवा.

भाऊजी महापेला आयटीत आहेत. काम पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरचं, पण आमच्याकडे आयटी म्हटलं की प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही त्यांनीच काढायचा आणि नेटच्या विषयात शेवटचा शब्दही त्यांचाच. मी तक्रार केली की प्लॅन वाढायचा. २० चा ५० झाला, मग १००, मग २००, शेवटी ३००. दर वेळी वरच्या हॉलमधला टीव्ही अधिक झकास चालायचा. खाली काही फरक नाही. बिलातला अर्धा वाटा मात्र ऑफिसचा, कारण "वापर तुमचाच जास्त ना वहिनी."

मी खाली स्पीड टेस्ट लावायचे तर ९४. प्लॅन १०० चा होता तेव्हा ९४, २०० चा झाला तेव्हा ९४, ३०० ला ९४. भाऊजी म्हणायचे, ९४ काय कमी आहे का? कमी नव्हतंच. रिटर्न भरायला कोणाला ९४ लागतात? सरकारी व्याख्येत तर २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. माझं दुखणं वेगळं होतं. नेट मध्येच जायचं, आठ-दहा सेकंद, आणि परत यायचं. पण स्पीड टेस्ट तेवढ्या वेळात लागत नाही, म्हणून ते दुखणं कोणी धरतच नव्हतं.

२०२२ च्या जुलैतली २० तारीख. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: ३बी ची, म्हणजे जीएसटीच्या दरमहाच्या रिटर्नची, शेवटची तारीख. एक दिवस चुकला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि क्लायंटचे टोमणे वेगळे. अकरा रिटर्न बाकी होते. बाहेर पाऊस कोसळत होता. ओटीपी क्लायंटच्या मोबाइलवर जातो, फोन करून विचारायचा, आकडे टाकायचे, बटण दाबायचं, की नेट गेलं. परत लॉगिन, परत ओटीपी. वाशीच्या मार्केटमधल्या एका शेटजींना चौथ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, खरंच तुम्हीच बोलताय ना?"

त्या दिवशी सासूबाईंना ताप होता. त्यांच्या पलंगापाशी एक बेलचं बटण आहे, दाबलं की ऑफिसात टर्र वाजते. चहा हवा, गोळी हवी, पंखा बंद करा, सगळ्याला टर्र. आणि माझ्याकडची धाकटी मुलगी, जी पाच महिन्यांपूर्वी लागली होती आणि जिला मी अजून चलनसुद्धा एकटीने भरू देत नव्हते, ती म्हणाली, "मॅडम, आजींनी बेल दाबली की जातं."

मी हसले. मग तिलाच वर पाठवलं आणि म्हटलं, दाब. टर्र. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चिन्ह गेलं, तिथे पृथ्वीचा गोल आला. म्हटलं, परत दाब. परत गोल. चार वेळा केलं. मग वर जाऊन सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हटलं, आई, रात्री बारापर्यंत बेल दाबू नका, काही लागलं तर फोन करा. त्या म्हणाल्या, "तुझ्या नेटला माझी बेल सहन होत नाही होय?" अकराच्या अकरा रिटर्न पावणेअकराला संपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या मजल्यावरच्या भिंतीतला चौकोनी डबा उघडला. नेटच्या केबलमध्ये आठ वायरी असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. केशरी आणि हिरवी जोडी पुढे जात होती. निळी जोडी कापून, लाल टेप गुंडाळून, बेलच्या वायरीला जोडलेली. चॉकलेटी जोडी नुसतीच लोंबत होती. त्या इलेक्ट्रिशियनने वेगळी वायर ओढायचे कष्ट वाचवले होते. त्याचं म्हणणं असणार की "चार वायरी तर रिकाम्याच असतात." आणि गंमत म्हणजे ते खोटं नाही. १०० एमबीपीएसपर्यंत दोनच जोड्या लागतात. त्याच्या वर, म्हणजे गिगाबिटला (१००० एमबीपीएस), चारही लागतात. म्हणून लिंक १०० च्या पुढे जायलाच तयार नव्हती, आणि १०० च्या लिंकवर स्पीड टेस्ट ९४-९५ दाखवते, बाकीचं पॅकेटच्या वेष्टनात जातं. त्यातच बेलची कॉइल टर्रटर्र करत ठिणग्या टाकणार, आणि तिला चिकटून नेटच्या जोड्या. जाणार नाही तर काय होईल?

म्हणजे आम्ही ३०० चे पैसे भरत होतो आणि १०० ची नळी होती. टाकी मोठी करत गेलो, नळाला तीच तोटी.

भाऊजींना दाखवलं तर म्हणाले, "बेलचा आणि नेटचा काही संबंध नसतो वहिनी, योगायोग असेल." योगायोग चार वेळा? नवऱ्याने नेहमीप्रमाणे पेपर उघडला. मी गच्चीवरून बाहेरच्या भिंतीने, पाइपमधून, गिगाबिट पेलणारी नवी कॅट-६ केबल ओढून घेतली, जेमतेम २५ मीटर. पैसे माझे. सासूबाईंना बाजारातून बिनवायरीची बेल आणून दिली, ती त्यांना अजून आवडलेली नाही. म्हणतात, "ही वाजते कुठे, गाते."

तर तुमच्याकडे वळते.

आधी राउटरला लॅपटॉप केबलने लावा आणि बघा. वाय-फायवर केलेली टेस्ट मला सांगूच नका. केबलवर ९०-९५ आले तर तुमचा केबलवाला त्याचं काम चोख करतोय आणि आतल्या खोलीतले १० हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. ३०० घेतलेत तर तिथे फार तर १० चे १२ होतील. केबलवरही कमी आले आणि तेही फक्त रात्री ९ ते ११, तर बाहेर गर्दी आहे. एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असतात, अडीच गिगाबिट सगळ्यांत वाटून. तेव्हा भांडा. सतत कमी येत असतील तर डब्यात प्रकाश किती येतोय ते त्याला मोजायला लावा; उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर काठावर आहे. बहुतेक वेळा कोणीतरी कपाट सरकवलेलं असतं आणि मागे फायबर काटकोनात दुमडलेली असते. तांब्याची वायर दुमडली तर चालते, फायबर म्हणजे काच आहे हो.

आतल्या खोलीबद्दल. वाय-फायचे मुख्य पट्टे दोन. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीला घाबरतं, स्लॅबला तर फारच. २.४ भिंत ओलांडतं, पण त्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. आमच्या ओळीत फोन उघडला की वीस-बावीस वाय-फायची नावं दिसतात, आणि सगळे त्या तीन गल्ल्यांतून चाललेत. त्यात मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा चपलांच्या रॅकमध्ये असेल तर आधी तिथून काढा. फुकट आहे, आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम होतं. उरलेल्यांत आतल्या खोलीपर्यंत केबल न्यावी आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलमधून आलेलं नेट तिथल्या तिथे वाय-फायवर देण्यासाठी, लावावा.

रिपीटर, म्हणजे वाय-फाय पकडून तेच पुढे फेकणारा डबा, घेऊ नका. दुकानदार पहिल्यांदा तोच दाखवेल. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो, म्हणजे वेग निम्मा, आणि तो लावतात कुठे, तर जिथे आधीच १० येतात तिथे. १० चे ५ करायला पैसे कशाला? भाऊजींनी मधल्या मजल्यासाठी दोन आणले होते. एकाचा आता रात्रीचा दिवा म्हणून उपयोग होतो.

भिंत फोडायची नाही म्हणून लोक वाय-फायच्या मागे लागतात, हे मला कळतं. केसिंग पट्टी लावा, बाहेरून पाइप न्या, पण केबल ओढा. समुद्राखालून केबल वर्सोव्याला येते, तुमच्या ऐरोलीत, रबाळ्यात, आमच्या महाप्यात डेटा सेंटरं उभी आहेत, आणि सगळं अडतं कुठे तर शेवटच्या २५ फुटांत. कारण तेवढे फूट आपल्या ताब्यात असतात.

भावाच्या दुकानासाठी मात्र मोठा प्लॅन नको, दुसरं कनेक्शन घ्या, वेगळ्या कंपनीचं, आणि फायबर वेगळ्या खांबावरून येईल असं बघून. कमीत कमी वेगाचं घेतलंत तरी चालेल. फॉर्मची शेवटची तारीख असताना गटारासाठी रस्ता खणतात आणि फायबर तुटते, तेव्हा ३०० काय आणि १००० काय, शून्यच. डबा आणि राउटर दोन्हींना छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. कोणी लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन, सांगेल; हॉस्पिटल किंवा मोठं ऑफिस असेल तर घ्या, झेरॉक्सच्या दुकानाला ते भाडं परवडणार नाही. आणि शेवटच्या तारखेला सगळे एकदम पोर्टलवर घुसतात तेव्हा समोरच्याच दारात गर्दी असते, ती तुमच्या वायरीने हटत नाही. हे भावालाही सांगून ठेवा, गिऱ्हाईक त्याच्यावरच ओरडतं.

प्लॅन कधीच वाढवू नये असं मी म्हणत नाही. एकाच वेळी चार-पाच जण ४के बघत असतील, कोणी व्हिडिओ एडिटिंगच्या मोठ्या फायली वर चढवत असेल, तर १०० कमी पडतात. "अनलिमिटेड"च्या मागे अनेकदा महिन्याला ३३०० जीबीची रेघ असते तीही बघा, ती ओलांडली की वेग पार खाली येतो. पण हे सगळं वायर नीट झाल्यावर.

आता एक गोष्ट, जी वर सांगितली नाही. नवी केबल टाकल्यावर नेट जायचं थांबलं, अगदी पहिल्या दिवसापासून. स्पीड टेस्ट मात्र ९४ च. भाऊजी तीन दिवस खुशीत होते. चौथ्या दिवशी रात्री मुली गेल्यावर मी टेबलाखालचा नेटचा स्विच, म्हणजे एका केबलमधून सगळ्या कॉम्प्युटरना नेट वाटणारा डबा, उलटा केला. आठ पोर्टचा, २०१९ मध्ये मीच लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, १०/१००, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएस. म्हणजे इलेक्ट्रिशियनने आठही वायरी नीट जोडल्या असत्या तरी २०१९ नंतर माझ्या टेबलावर ९४ च आले असते. दुसऱ्या दिवशी हजार-बाराशेचा गिगाबिट स्विच आणून गुपचूप बसवला. टेस्ट लावली, २८०. भाऊजींना बोलावून दाखवलं आणि म्हटलं, बघा, केबलच होती.

जुना स्विच माळ्यावर आहे. भावाच्या दुकानात स्विच असेल तर आधी तो उलटा करून बघा.