एमओएफमध्ये भरलेलं इन्सुलिन फ्रिजशिवाय टिकेल का?

तुम्ही लिहिलंय की घर खानापूर तालुक्यात आहे, पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते आणि आईला रोज इन्सुलिन लागतं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या सच्छिद्र पदार्थांसाठी, म्हणजे एमओएफसाठी, मिळालं, त्यांत भरलेलं इन्सुलिन फ्रिजशिवाय राहतं असं वाचलंत, तर ते कुठे मिळेल?

सरळ सांगते, आज ते कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. बेळगावात नाही आणि पुण्या-मुंबईतही नाही. पण तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बेळगावात रसायनशास्त्र शिकवते आणि माझे बाबा जांबोटीकडच्या गावी इन्सुलिनवरच आहेत. तुमची काळजी मला घरातली वाटते.

एमओएफ म्हणजे मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, छपराच्या सांगाड्यासारखी रचना. धातूचे अणू हे सांधे, सेंद्रिय रेणू हे वासे आणि मधे सगळी मोकळी जागा. सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना नोबेल मिळालं ते हे सांगाडे उभे केल्याबद्दल. औषधांच्या कामात सगळ्यात जास्त वापरला गेलेला प्रकार म्हणजे झिफ-८. त्यात जस्ताचे सांधे आणि मिथिल-इमिडाझोलचे वासे.

आता गंमत बघा. झिफ-८ च्या खिडक्या सुमारे ०.३४ नॅनोमीटरच्या आणि इन्सुलिनचा रेणू अडीच-तीन नॅनोमीटरचा. म्हणजे बाहेरून आत जाणं शक्यच नाही. मग भरतात कसं? भरत नाहीतच, त्याच्याभोवती सांगाडा वाढवतात. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना तीळ परातीत घेऊन मंद आचेवर पाक थोडा थोडा सोडत जातो आणि साखर तिळाला धरून वाढते, अगदी तसंच. इन्सुलिन हे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे इथे तीळ. ते जस्ताचे आयन स्वतःभोवती ओढून घेतं आणि स्फटिक तिथूनच धरायला लागतो. कांग लियांग, पाओलो फाल्कारो, ख्रिश्चन डूनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ही रीत दाखवली. असं कोंडलेलं विकर (एन्झाइम, हेही प्रथिनच) उकळत्या पाण्यातून काढलं तरी काम करत होतं. प्रथिन उष्णतेने बिघडतं ते घडी उलगडल्यामुळे, आणि चारी बाजूंनी घट्ट आवळलेल्या रेणूला उलगडायला जागाच उरत नाही.

एम.एस्सी.ला मी हे हाताने केलंय, अल्ब्युमिन नावाचं प्रथिन घेऊन. पाण्यासारखी स्वच्छ दोन द्रावणं एकत्र ओतली आणि दोन-चार मिनिटांत चंचुपात्र दुधासारखं पांढरं झालं. त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन व्हिनेगर टाकलं तर पुन्हा निवळशंख. सांगाडा विरघळला, प्रथिन सुटलं. मी ती नळी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसले होते.

खरी अडचण त्या व्हिनेगरमध्येच आहे. कोंडणं जमलंय, पण हवं तिथे, हवं तेव्हा आणि हवं तेवढंच सोडणं कठीण आहे. झिफ-८ आम्लात फुटतो, म्हणजे गोळी करून गिळली तर जठरातच संपला. शिवाय फॉस्फेटही त्याला पोखरतं आणि ते रक्तात असतंच. इन्सुलिन एकदम सुटलं तर साखर धाडकन उतरेल, आणि ते किती घातक हे तुम्हाला माहीतच असेल. यावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रयत्न असा : इन्सुलिनसोबत ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकरही कोंडायचं. साखर वाढली की ते तिचं आम्ल करतं, त्या आम्लाने सांगाडा फुटतो आणि इन्सुलिन बाहेर येतं. म्हणजे साखरच कुलूप उघडते. मात्र त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं, त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. तोंडावाटे देण्यासाठी एनयू-१००० हा झिर्कोनियमचा, आम्लाला दाद न देणारा सांगाडाही तपासला गेलाय. त्याच्या वाटा रुंद आहेत, त्यामुळे इन्सुलिन नंतरही आत शिरतं. पण रोज टोचायच्या औषधातून वर्षानुवर्षं अंगात जाणारा धातू आणि वासे यांचं पुढे काय होतं, हे पक्कं कळल्याशिवाय ते माणसाला देता येणार नाही, आणि देऊही नये.

तोवर आईचं बघूया. वापरात असलेली बाटली सहसा चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते. पण किती अंशांपर्यंत आणि किती दिवस, ते तिच्या कागदावर वाचा. पावसाळ्यात आपल्याकडे घरातच गारवा असतो, त्यामुळे दोन दिवस लाईट गेली म्हणून लगेच घाबरू नका. खरी भीती एप्रिल-मेची. तेव्हा मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबीत बंद बाटली आणि वर ओलं फडकं, हे सावलीत ठेवा. पावसात ही युक्ती फारशी चालत नाही, दमट हवेत पाणी उडतच नाही.

आणि लाईट आल्यावर बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. बाबांची बाटली एकदा माझ्याच हातून तशी गोठली. वितळल्यावर हलवली तर दुधी औषधात पांढऱ्या कण्या तरंगत होत्या आणि काचेला आतून दहिवरासारखा थर धरला होता. तसं दिसलं तर बाटली टाकून द्या, महाग असली तरी. दिसलं नाही, पण गोठली होती हे माहीत असेल, तरीही टाकाच.