घरगुती मसाल्यांचा छोटा धंदा आहे. ओळखी आणि मदत कुठून मिळेल?

सुरुवात कांडप गिरणीपासून करा, थट्टा नाही. आमची पहिली मोठी ऑर्डर तिथल्या रांगेतच मिळाली. शेजारच्या काकूंनी चिमूटभर कांदा-लसूण मसाला तळहातावर घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "पाच किलो द्या." त्यांची मेस होती! तेव्हापासून पिशवीत नमुन्याच्या पुड्या असतातच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, लगेच करून घ्या. आधार-पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे. एजंटला दमडीही देऊ नका. उधारी थकवणाऱ्यांकडून पैसे काढायला हिचा फार उपयोग: छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानुसार माल घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापला की फोनवरचा सूरच बदलतो.

कर्ज-अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जा. बचत गटात असाल तर 'उमेद'च्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) तालुका कक्षात महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची चौकशी करा. मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लबही आहे, पण फी भरण्याआधी तुमचं गिऱ्हाईक तिथे आहे का ते बघा. मसाल्याला मेसवाल्या काकूच जास्त कामाच्या.