पॉडकास्टवरचा पाहुणा नंतर "तेवढं काढून टाका" म्हणाला तर काढावं का? आणि प्रश्न आधी पाठवावेत का?

घरची, आजारपणाची किंवा तिसऱ्याच माणसाची गोष्ट असेल तर नक्की काढा. समजा, नारायण पेठेतल्या आजी 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराबद्दल बोलताहेत. पाणी कुठवर चढलं, भांडीकुंडी कशी वाहून गेली, हे सांगता सांगता ओघात जावेच्या माहेरच्या भानगडीवर येतात. समोर माईक आहे याचा त्यांना केव्हाच विसर पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अहो, तेवढं वगळा हो," तर वाद घालू नका. जाऊबाईंना तर कोणी विचारलेलंच नसतं.

नगरसेवक किंवा बिल्डर असेल तर माझं मत वेगळं आहे. सार्वजनिक कामाबद्दल रेकॉर्डवर दिलेलं उत्तर केवळ अडचणीचं ठरतंय म्हणून कापू नये. माहिती चुकली असेल तर दुरुस्ती जोडा. मात्र मागचीपुढची वाक्यं छाटून अर्थ फिरवणं कुणाच्याही बाबतीत चालणार नाही, आणि रील काढताना हेच सर्रास होतं.

प्रश्न शब्दशः पाठवू नका, उत्तरं पाठ केल्यासारखी येतात. विषय, व्हिडिओ होणार की नाही, कुठे प्रसिद्ध होणार, हे जरूर कळवा.

लैंगिक अत्याचाराबद्दल बोलणार असाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 72 वाचा. पीडितेची ओळख उघड केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं नाव बीप करून भागत नाही. कॉलेज, वर्ष आणि शाखा सांगितली तरी माणूस ओळखता येतो.