सब बदलू नका, सोफा सरकवा

प्रश्न : हॉल १५ बाय १२ फुटांचा. लांबीच्या एका टोकाला टीव्ही, त्याशेजारी १० इंची सबवूफर (सब, म्हणजे फक्त खालचे स्वर, बेस, वाजवणारा स्पीकर). समोरच्या टोकाच्या दारात उभं राहिलं की बेस छातीत जाणवतो. हॉलच्या मधोमध सोफ्यावर बसलं की गायब. सबचं गेन (आवाजाची पातळी) पाऊणपर्यंत वाढवलं, तरी तेच. मोठा सब घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका, त्यानेही हेच होईल. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर. ध्वनीच्या वेगाला (सेकंदाला ३४३ मीटर) लांबीच्या दुपटीने भागलं की ३७.५ हर्ट्झ येतात. या स्वराला समोरासमोरच्या भिंतींलगत दाब सर्वाधिक आणि बरोबर मध्यभागी जवळपास शून्य असतो. गेन वाढवलं तर दाराशी आणखी घुमेल, सोफ्यावरचा खड्डा तसाच राहील. इक्वलायझरनेही तो बुजत नाही, अॅम्प्लिफायर मात्र दमतो. इक्वलायझर उंचवटे कापण्यापुरता चांगला.

सोफा इतका मागे घ्या, की कान टीव्हीच्या भिंतीपासून दहा फुटांवर येतील. पार मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे नुसतं घुमेल.

मग सबची जागा शोधा. सब उचलून थेट सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा. ३० ते ८० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा स्वर) किंवा भरपूर बेस असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने, कान सबच्या उंचीला येतील असे, चक्क रांगत फिरा. (घरचे हसतील. हसू द्या.) जिथे सगळे खालचे स्वर सारखे ऐकू येतात, तिथे सब ठेवायचा. नुसता मोठा आवाज ऐकून कोपरा निवडू नका.

आता सेटिंग. सबवरचा क्रॉसओव्हर (सबने कुठल्या स्वरापर्यंत वाजवायचं ती सीमा) शेवटपर्यंत फिरवा किंवा एलएफई (सबमधला हा फिल्टर वगळणारी सोय) निवडा. नाहीतर सब आणि रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायर) दोघांचे फिल्टर एकावर एक बसतात. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचे खालचे स्वर सबकडे जातील), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. गेन निम्म्यावर आणून ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकने मोजून स्पीकर आपोआप जुळवतो ते) चालवा. रिसीव्हरमध्ये सबची लेव्हल उणे १२ डेसिबल दिसली, तर बहुतेक रिसीव्हरची ती शेवटची मर्यादा असते, म्हणजे आकडा खरा धरता येत नाही. गेन कमी करून पुन्हा मोजा. हाताने करणार असाल तर साउंड मीटर ‘सी’ आणि ‘स्लो’वर ठेवून प्रत्येक चॅनेलचा टेस्ट टोन ७५ डेसिबलला जुळवा. मोबाइलच्या माइकला खालचे स्वर नीट पकडता येत नाहीत, त्यावर विसंबू नका.

शेवटी फेज, म्हणजे सब आणि स्पीकरच्या ध्वनिलहरींचा मेळ. पुढचे स्पीकर आणि सब एकत्र चालू ठेवून ८० हर्ट्झचा टोन लावा. सबवरच्या फेजच्या बटणाच्या ० आणि १८० अंशांपैकी ज्या बाजूला सोफ्यावर आवाज मोठा येईल, ती ठेवा.

प्रश्न : सब सोफ्यापासून ९ फुटांवर आहे, कॅलिब्रेशन १६ फूट दाखवतं. दुरुस्त करू?

उत्तर : नको. सबमधल्या फिल्टरमुळे आवाज उशिरा निघतो. रिसीव्हर तो उशीर फुटांत मोजतो. टेपने मोजलेला आकडा भरलात तर जुळलेली वेळ बिघडेल.

प्रश्न : सब सतत गुणगुणतो.

उत्तर : सिग्नलची केबल सबमधून काढा. गुणगुण थांबली तर बहुधा ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नकोसा प्रवाह) आहे. सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर लावा, मग सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची वायर काढून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.